पुस्तक कुठवर मळलंय

तर तो न्यायाधीश आणि त्यानंच शिक्षा दिलेला तो चोर, दोघं एका खोलीत राहायला लागले, अशी ती कादंबरी. तीस दिवस राहायचं, दार एक, खिडकी एक, खाटही एकच. पहिल्या दिवशी खाटेवर कोण झोपणार यावरून जे काही होतं ते वाचताना मी वाचनालयातल्या बाकावर बसून इतका हसलो, की पेपर वाचणाऱ्यांनी माना वर केल्या. दुसऱ्या दिवशी चोर म्हणतो, "साहेब, तुम्ही निकाल वाचत होता तेव्हा तुमच्या शर्टाचं एक बटण तुटलेलं होतं. मी निकाल ऐकलाच नाही, बटणाकडंच बघत होतो." आता हे ज्याला सुचलं त्याच्या हाताचा मुका घ्यावा की नाही? पण चौथ्या दिवशी लेखक महाशय उठले आणि न्यायाधीशाच्या कॉलेजात गेले. तिथं एक मुलगी, एक सायकल आणि दीडशे पानं. परत खोलीत आले तेव्हा एका ओळीत लिहिलंय, "असेच उरलेले सव्वीस दिवसही निघून गेले."

मी पुस्तक मिटलं आणि मागच्या खोलीत गेलो. ज्यानं ते माझ्या हातात दिलं होतं तो दाभणात दोरा ओवत बसला होता.

"सव्वीस दिवस कुठं गेले रे?" मी विचारलं.

"माझ्याकडं नाहीत," तो मान वर न करता म्हणाला. "मी पानांचे फर्मे मोजून शिवलेत."

हा आमचा बाइंडरबुवा. वाचनालयाच्या मागच्या अंगाला, जिन्याखाली त्याची खोली. तिला खिडकी आहे, पण ती शेजारच्या भिंतीकडं बघते, म्हणून दिवसाही दिवा लागतो. एक लांब टेबल, त्याच्यावर लोखंडी शिकंजा, त्यात आवळलेली चार पुस्तकं, डालड्याच्या जुन्या डब्यात खळ, आणि कापडाचे तुकडे. फाटलेली पुस्तकं डाव्या हाताला, शिवून झालेली उजव्या हाताला. एकतीस वर्षं हे असंच. निवृत्त झाला त्या दिवशी त्याला शाल, नारळ असलं काही नको होतं. तो म्हणाला, मला एवढं टेबल वापरू द्या. देऊन टाकलं. दुसरा कोण बसणार होता त्या अंधारात?

आमची ओळख अशी, की मी पेपर वाचायला जायचो आणि पावसापाण्याचं निमित्त करून चहाच्या वेळी त्याच्या खोलीत शिरायचो. माझं शिक्षण गावच्या शाळेतलं, सातवीपर्यंत. पुस्तकं वाचायला मला त्यानं शिकवलं, म्हणजे कुठलं वाचायचं ते. आणि त्याहून जास्त, कुठलं कुठवर वाचायचं ते.

तर ते असं. पुस्तक मिटून डोळ्यांसमोर आडवं धरायचं आणि पानांच्या कडेकडं बघायचं. लोकांचे अंगठे लागून कड मळते. ज्या कादंबरीची कड या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखी काळपट, ती लोकांनी पुरती वाचली. पण दहातल्या आठांची गंमत निराळी. पहिली बोटभर कड काळी कुळकुळीत, आणि मग एका रेषेपासून पुढं पांढरी, दुधासारखी. बुवा त्या रेषेत नख घालायचा, पुस्तक उघडायचा आणि म्हणायचा, "इथं घोडं पेंड खातं." वाचून बघावं तर तिथं हटकून काहीतरी बिनसलेलं. कुणाला तरी आजार झालेला, कुणाचा तरी मामा परदेशातून आलेला, नाहीतर नायक डोंगरावर जाऊन विचार करत बसलेला.

पुस्तक नव्यानं बांधताना कडा कापाव्या लागतात. मशीनखालून कागदाच्या बारीक पट्ट्या पडायच्या, अर्ध्या काळ्या आणि अर्ध्या पांढऱ्या. केराच्या डब्याकडं बोट दाखवून बुवा म्हणायचा, "हे वाचकांचं मत. रोज संध्याकाळी झाडून टाकतो."

स्वतः मात्र तो प्रत्येक पुस्तक शेवटपर्यंत वाचायचा. मी एकदा म्हटलं, "अरे, लोक सोडून देतात, तू कशाला जीव काढतोस?" तर म्हणाला, "सगळं पुस्तक शिवतो मी. मग कुणीतरी एकानं तरी सगळं वाचलेलं असावं की नाही?"

पण त्या वाचण्यानं माणूस खचत चालला होता. खांदे उतरलेले, चष्म्याच्या काचा जाड झालेल्या, आणि बोलणं कमी. मी त्याला नेहमी हसवायला बघायचो. तो हसायचाही, पण दुखऱ्या दाढेनं हसावं तसा. एका दुपारी शिकंज्याचं चाक आवळता आवळता म्हणाला, "वाईट पुस्तकानं मी दमत नाही. ते बिचारं पहिल्या पानावरच सांगतं, मी वाईट आहे. दमवतात ती आरंभशूर. हाताला धरून माळ्यावर नेतात, म्हणतात ये, वरती काय आहे ते दाखवतो. आपण चढतो. आणि मग खालून शिडी काढून घेतात. वरती नुसती धूळ. किती वेळा उड्या मारून खाली यायचं माणसानं या वयात?"

त्यानं एकदा हे लेखकाच्या तोंडावर सांगितलं होतं. त्याची पण गोष्ट आहे. आमच्याच वाचनालयात एक मास्तर यायचे. त्यांनी कादंबरी लिहिली. नदीच्या दोन काठांवरून दोन सख्खे भाऊ एकच पूल बांधतात, आणि दोघांचं बोलणं बंद आहे. पूल मधे जुळणार का? बुवा पहिली शंभर पानं वाचून असा उजळला होता, की तीन दिवस चहा पिताना मला दुसरं काही बोलू देईना. चौथ्या दिवशी गप्प.

"काय झालं?"

"धाकट्याला हार्ट अटॅक आला."

"अरेरे. मग पुलाचं?"

"मास्तर म्हणतात, पूल म्हणजे मनं."

मास्तरांनी विचारलं तेव्हा बुवानं खरं ते सांगितलं. पूल अर्धा आहे, म्हणाला. मास्तर हसले, मान डोलावली, घरी गेले, आणि पुन्हा वाचनालयाची पायरी चढले नाहीत. पुस्तकं बदलायला बायकोला पाठवायला लागले. रस्त्यात दिसले तर पलीकडच्या फुटपाथवर. वीस वर्षांची ओळख होती. त्या दिवसापासून बुवानं कानाला खडा लावला. कुणी विचारलं कसं आहे, तर म्हणायचा, "बांधणी चांगली आहे."

आता खरी गोष्ट सुरू होते. बुवाची सून.

ही पोर घरात आली नऊ वर्षांपूर्वी. बस डेपोत नोकरी, हरवलेल्या वस्तूंच्या खोलीत. लोक बसमध्ये काय काय विसरतात ते तिच्याकडं जमा. छत्र्या, डबे, एकेक चप्पल, एकदा पाण्याच्या ग्लासात ठेवलेली कवळी. प्रत्येक वस्तूला चिठ्ठी बांधायची, तारीख आणि बसचा नंबर लिहायचा, आणि कुणी मागायला आलं की खूण विचारायची. संध्याकाळी घरी येऊन ती हे सगळं सासऱ्याला सांगायची. बुवाची बायको गेल्यावर त्या घरात जेवताना बोलणारी ही दोघंच. मुलगा आपला खाली मान घालून जेवायचा आणि अधूनमधून म्हणायचा, "भाजी आणखी आहे का?"

तिनं कादंबरी लिहिली. डेपोत मागणारे येत नसतील तेव्हा, जुन्या फॉर्मच्या पाठीमागं, चार वर्षं. मला पहिल्यांदा तिची कल्पना बुवानंच सांगितली, आणि सांगताना त्याचा चहा गार झाला, खोटं नाही सांगत.

हरवलेल्या वस्तूंच्या खोलीत एक बाई काम करते. दर बुधवारी एक माणूस येतो आणि म्हणतो, माझी वस्तू हरवलीय. काळी छत्री, मुठीला हिरवा दोरा, एक काडी वाकडी. बाई आत जाते, शोधते, तर छत्री आहे, दोरा आहे, काडी वाकडी. ती आणून समोर ठेवते. माणूस नुसता बघतो आणि म्हणतो, "हीच. पण राहू द्या, ही माझी नाही." आणि जातो. पुढच्या बुधवारी दुसरी वस्तू. खूण तंतोतंत. वस्तू घेत नाही. त्याला कसं कळतं? आणि त्याला हवंय तरी काय?

"बघ," बुवा म्हणाला. "असं काही एकतीस वर्षांत माझ्या टेबलावर आलं नाही."

सुनेनं कादंबरी दुकानातून टाइप करून आणली, पुस्तकाच्या मापाची, दोन्ही बाजूंनी छापलेली, सुटी पानं. नाव अजून ठरलं नव्हतं, म्हणून पहिलं पान कोरंही नव्हतं, सरळ गोष्टच सुरू. तिनं गठ्ठा सासऱ्याच्या हातात दिला आणि म्हणाली, "बाबा, प्रकाशक तयार आहे. पण तुम्ही हो म्हटल्याशिवाय मी देणार नाही. दुसऱ्या कुणाचं मला ऐकायचं नाही."

"प्रकाशकानं वाचली का?"

"वाचली ना. म्हणाला, कल्पनाच अशी जबरदस्त आहे की बाकी चालून जाईल."

बुवाचा चेहरा पडला. मला नंतर म्हणाला, "बाकी चालून जाईल. एवढ्या तीन शब्दांनी माझा जन्म खाल्ला रे."

सुटी पानं त्याला वाचता येत नाहीत. हाताला पाठीचा कणा लागतो, म्हणतो. म्हणून खोलीत नेऊन त्यानं ती आधी शिवली, वाचनालयाचं निळं कापड लावलं, आणि मग वाचायला बसला. दोन दिवस मी चहाला गेलो तर मला हातानंच थांब म्हणायचा. खोलीभर खळीचा आंबूस वास, समोर फाटक्या पुस्तकांचा ढीग वाढतोय, आणि हा चष्मा कपाळावर चढवून, डोळे पुसून, परत वाचतोय. तिसऱ्या दिवशी गेलो तर पुस्तक मिटलेलं आणि हात त्याच्यावर.

"एकशे बारा," तो म्हणाला.

तो आपणहूनच बोलत राहिला, हळू आवाजात, भिंतीकडच्या खिडकीकडं बघत.

"एकशे बारा पानांपर्यंत मला भूक लागली नाही. मग तो माणूस यायचाच बंद होतो. बाईचा नवरा दारू प्यायला लागतो, तिची मावसबहीण येते, कावीळ होते. आणि शेवटी पत्र. अठरा पानी पत्र. तो तिचा लहानपणी हरवलेला बाप निघतो."

"हरवलेल्या वस्तूंच्या खोलीत," मी म्हणालो.

"हसू नकोस."

"मी कुठं हसतोय?"

"मला पंचाहत्तराव्या पानावरच भीती वाटायला लागली होती. म्हटलं, देवा, ह्याला बाप नको करू."

त्यानं खळीवर धरलेली साय काडीनं बाजूला काढली. मग म्हणाला, "मास्तर निदान पलीकडच्या फुटपाथवरनं जाऊ शकले. हिला कुठं जाता येणार? एकाच ताटाला बसतो आम्ही."

त्यानं पुस्तक टेबलावर ठेवलं. आणि इथं ती चूक झाली. दमलेल्या माणसाचा हात सवयीनं चालतो. एकतीस वर्षं शिवलेलं पुस्तक उजवीकडं ठेवायचं, म्हणून त्यानं तेही उजवीकडं ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रंथपाल बाई आल्या, उजवीकडची थप्पी उचलून घेऊन गेल्या. निळं कापड, पहिलं पान नाही, नाव नाही, लेखक नाही. अशी पुस्तकं फाटून येतात दर महिन्याला. त्यांनी नंबर घातला, शिक्का मारला, लेखकाच्या रकान्यात "अज्ञात" लिहिलं आणि कपाटात लावलं.

दुपारी बुवाला कळलं तोवर पुस्तक कुणीतरी घेऊनही गेलं होतं.

"जा, बाईंना सांग, परत मागवतील," मी म्हणालो.

तो उठला नाही. डाव्या बाजूचं एक फाटकं पुस्तक त्यानं पुढं ओढलं आणि त्याचे जुने टाके उसवायला लागला. मला कळलं. पुस्तक बाहेर आहे तोवर त्याला उत्तर द्यायचं नव्हतं. घरी सुनेनं विचारलं की सांगायचा, "वाचतोय गं. डोळे दुखतात." आणि डोळे खरंच दुखत होते, त्यामुळं खोटंही नव्हतं.

पाच आठवडे असे गेले. मुलगा एकदा खोलीत आला, घाईत, हातात हेल्मेट. मला बघून जरा घुटमळला, मग बापाला म्हणाला, "बाबा, ती झोपत नाही नीट. एवढंच म्हणा ना, छान आहे. तुमचं काय जातं?"

"काही जात नाही," बुवा म्हणाला.

"मग?"

"काही जात नाही तेच तर."

मुलगा माझ्याकडं वळला. "काका, तुम्ही तरी समजवा." मी म्हटलं, समजावतो. मला कुणी काम सांगितलं की आनंदच होतो. पण समजावायचं काय, ते मलाही कळेना.

मधल्या काळात ते निळं पुस्तक चारदा गेलं आणि चारदा आलं. चारातला एक मी होतो. खोटं कशाला बोलू? सुनेनं काय लिहिलंय ते बघायची मला खाज सुटली होती. मीही दोन दिवस मान वर केली नाही. त्या वाकड्या काडीच्या छत्रीपाशी तर अंगावर काटा आला. आणि मग नवरा दारू प्यायला लागला, मावसबहीण आली, आणि मला आठवलं की आज पेपर वाचायचा राहिलाय. परत देऊन टाकलं. झाला माझा वाचकधर्म.

पण माझ्या जिभेला हाड नाही. त्यानंतरच्या एका शुक्रवारी बुवाच्या घरी चहाला गेलो होतो. सून चहा घेऊन आली, डोळ्यांखाली काळं, आणि कप ठेवता ठेवता म्हणाली, "सोमवारी प्रकाशक छापायला टाकतोय. त्याच्या आत हो किंवा नाही सांगायचंय, आणि बाबांचं अजून वाचूनच होत नाही."

मला कणव आली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ना, ते हेच. मी म्हणालो, "अगं पोरी, काळजी कसली? फार सुंदर लिहिलंयस. शेवट वाचून तर डोळ्यांत पाणी आलं बघ."

बुवानं कप खाली ठेवला. इतक्या वर्षांत मी त्याला इतकं थेट बघताना पाहिला नव्हता.

"शेवटी काय होतं रे?" त्यानं विचारलं.

"शेवटी म्हणजे... तो माणूस," मी म्हणालो. "तो शेवटी येतो ना."

"येतो?"

"म्हणजे येतो, आणि मग त्यांचं ते होतं."

"काय होतं?"

मी चहा पिऊ लागलो. चहा फार गरम होता. कोपऱ्यात बसलेल्या मुलानंही मान वर करून माझ्याकडं बघितलं.

सून मात्र माझ्याकडं वेगळंच बघत होती. "काका," ती म्हणाली, "तुम्हाला कुठं मिळाली? बाबांकडं एकच प्रत आहे."

आता लपवण्यात अर्थ नव्हता. मी म्हणालो, "वाचनालयात. निळ्या कापडात. मी रांगेत चौथा होतो."

तिनं कप गोळा केले, आत गेली. आतून भांडी घासायचा आवाज आला, घासून झालेली भांडीच परत घासल्यासारखा. बुवा मला दारापर्यंत सोडायला आला. मला वाटलं शिव्या देईल. तो नुसता म्हणाला, "तूपण एकशे बाराच?"

"एकशे पंधरा," मी म्हणालो.

त्यानं मान हलवली आणि दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी, म्हणजे शनिवारी, मी मुद्दाम लवकर गेलो. बुवा आधीच येऊन बसलेला, पण हातात काम नव्हतं. मी त्याला असा रिकाम्या हातांनी बसलेला कधी पाहिला नव्हता. टेबलावर दाभण, दोरा, सगळं जिथल्या तिथं.

अकराच्या सुमाराला सून आली. डेपोतून अर्धी रजा टाकून आली असावी, गळ्यात ओळखपत्र तसंच होतं. तिच्या हातात ते निळं पुस्तक. पुढच्या दालनातून तिनं स्वतःच कपाटात शोधून काढलं होतं. ग्रंथपाल बाईंना म्हणाली होती, "हे माझं आहे," आणि बाई म्हणाल्या होत्या, "खूण सांगा." मग हिनं पहिलं वाक्य म्हणून दाखवलं. हे बाईंनी मला नंतर सांगितलं, आणि सांगताना त्यांना फार ओशाळवाणं झालं होतं.

मी उठायला लागलो. ती म्हणाली, "बसा काका. तुम्ही पण वाचलीय ना. जेवढी वाचली तेवढी."

मी बसलो. बसून दोऱ्याच्या रिळाकडं बघत राहिलो.

ती बराच वेळ उभीच होती. चपलेचं एक टोक फरशीवर घासत, मधेच थांबत. तिनं ते पुस्तक मिटलेलंच धरलं होतं. मग हळूच आडवं केलं आणि दिव्याखाली कड बघितली. नऊ वर्षं त्या घरात राहिलेली पोर, तिला कुणी शिकवावं लागलं नाही. चार माणसांचे अंगठे, पाच आठवडे, एवढ्यात कड ती किती मळणार? पण मळली होती. सुरुवातीपासून साधारण मध्यापर्यंत एक धुरकट पट्टा होता, आणि पुढं कोरं. तिनं त्या जागी नख घातलं, पुस्तक उघडलं, आणि पानाचा आकडा बघितला. आकडा तिनं मोठ्यानं वाचला नाही.

"मला वाटलं होतं तुम्ही मुद्दाम ठेवलीत," ती म्हणाली. "लोकांकडून उत्तर यावं म्हणून."

"चुकून गेली," बुवा म्हणाला. "पण परत मागवली नाही, ते मुद्दाम."

"का?"

"भ्यायलो."

"कुणाला?"

ती स्टुलावर बसली. सासरा आणि सून सारखीच दमलेली दिसत होती, आणि दोघंही एकमेकांकडं न बघता त्या पुस्तकाकडं बघत होती. लेकी बोले सुने लागे, असलं काही नव्हतं त्यात. सरळ तिचंच होतं, आणि तिच्यासमोर होतं.

"माझी चार वर्षं गेलीत त्यात, बाबा," ती म्हणाली. आवाज चढला नाही, उलट उतरलाच. "प्रकाशक पुन्हा विचारणार नाही. तो म्हणतो आत्ता दिलीत तर आत्ता, नाहीतर पुढं माझ्याकडं रांग आहे. आणि मला आता वाटतं, एकदाची छापून तरी होऊ दे. माझ्यानं आणखी होत नाही. रात्रंदिवस तेच डोक्यात. शेवट कसा करायचा ते मला कळतच नव्हतं, म्हणून एका रविवारी बसले आणि करून टाकला. वाईट आहे हे मला माहीत होतं. मला वाटलं, कुणाच्या लक्षात येणार नाही. कोण वाचतं एवढं पुढं?"

"मी वाचतो," बुवा म्हणाला.

"माहीत आहे. म्हणून तर तुम्हाला दिली."

पुढच्या दालनात कुणीतरी खुर्ची सरकवली. मी म्हणायला गेलो, की अगं, लोक एवढं कुठं बघतात, छापून येऊ दे, नाव होईल, मी स्वतः दहा जणांना सांगेन. तोंड उघडलं आणि तिच्याकडं बघून मिटलं. आयुष्यात मी फार वेळा असा गप्प बसलेलो नाही, त्यामुळं ते मला चांगलं आठवतं.

ती पुस्तक त्याच्यासमोर टेबलावर ठेवून म्हणाली, "आता सांगा. बांधणी चांगली आहे असं म्हणू नका, ते मला पाठ आहे. सोमवारी देऊ की नको?"

बुवानं चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, परत घातला. पुस्तक त्यानं डावीकडंही सरकवलं नाही आणि उजवीकडंही नाही. मग तो जे बोलला ते मी शब्दाला शब्द लिहून ठेवतो, कारण त्याच्या तोंडून एवढं लांब मी त्यानंतर काही ऐकलं नाही:

"नको देऊस. त्या माणसाला छत्रीची काडी वाकडी आहे हे कसं कळतं, ते तुला अजून ठाऊक नाही, म्हणून घाबरून तू त्याला बाप केलंस आणि पत्र लिहायला बसवलंस. ठाऊक नसेल तर नसू दे, पण त्याचं येणं बंद करू नकोस. पुढच्या बुधवारी तो काय मागायला येतो तेवढंच लिही आणि मला आणून दे. मी फार दमलोय गं असली पुस्तकं वाचून, आणि तू माझ्याशी बोलणं टाकलंस तर मला घरात दुसरं कुणी नाही. पण तो येणार असेल, तर मी वाट बघत बसेन."